सातारा-सांगलीच्या कर्तबगार स्त्रियांच्या पाट्या: नावापुढे नेमके काय कोरावे?

येरळाकाठ (खटाव तालुका) यांचा प्रश्न

नमस्कार. खटाव तालुक्यातील एका गावाच्या सार्वजनिक वाचनालयाचा मी कार्यवाह आहे. वाचनालयाच्या नव्या खोलीतील एक मोठी भिंत आम्ही मोकळी ठेवली आहे. महाराष्ट्राच्या इतिहासात ज्यांच्या कार्याची नोंद व्हायलाच हवी, अशा आपल्या भागातील स्त्रियांची माहिती काळ्या ग्रॅनाइटच्या पाट्यांवर कोरून त्या भिंतीवर लावावी, असा ठराव ग्रामसभेत झाला. अनावरण 3 जानेवारीला, सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीदिनी करायचे आहे. सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे आम्ही एकत्र घेतले आहेत, कारण 1949 साली दक्षिण सातारा वेगळा होईपर्यंत आणि पुढे 1960 साली त्याला सांगली हे नाव मिळेपर्यंत येथील माणसे स्वतःला सातारा जिल्ह्याचीच म्हणवत होती, आणि प्रतिसरकारचा, म्हणजे 1942 च्या चळवळीतून नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली येथे उभ्या राहिलेल्या समांतर सरकारचा इतिहास तर या सीमेने दोन भागांत वाटताच येत नाही.

आता अडचण सांगतो. कारागीर अक्षरामागे पैसे घेतो आणि एका पाटीवर साधारण चाळीस शब्दच नीट बसतील असे त्याने स्पष्ट सांगितले आहे. आम्ही तिघांनी एका संध्याकाळी बसून मजकुराचा कच्चा खर्डा केला. दुसऱ्या दिवशी तो शांतपणे वाचला तेव्हा फार वाईट वाटले. महाराणी ताराबाईंच्या पाटीवर आम्ही लिहिले होते की त्या सरसेनापती हंबीरराव मोहिते यांच्या कन्या, छत्रपती शिवाजी महाराजांच्या स्नुषा आणि छत्रपती राजाराम महाराजांच्या पत्नी. एवढे लिहून ओळी संपल्या होत्या, आणि ताराबाईंनी स्वतः काय केले याचा त्यात एकही शब्द नव्हता. हौसाताई पाटील यांच्या पाटीवर ‘क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या कन्या’ आणि लक्ष्मीबाई पाटील यांच्या पाटीवर ‘कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या सहधर्मचारिणी’ असेच सुरू झाले होते. गौरव करायला बसलो आणि ज्यांचा गौरव करायचा त्यांनाच बाजूला सारून आम्ही त्यांच्या घरातील पुरुषांची ओळख लिहून मोकळे झालो.

म्हणून येथील जाणकारांना विचारतो. चाळीस शब्दांत काय घ्यावे आणि काय सोडावे? नातेसंबंध पूर्णपणे गाळावेत का? आणि लक्ष्मीबाईंसारख्या ज्या स्त्रियांचे काम पतीच्या कार्यातच मिसळून गेले आहे, त्यांची पाटी असावी की नसावी? आमच्या समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे की त्याग हा वंदनीय असला तरी त्याला ऐतिहासिक कार्य म्हणता येत नाही. मला ते पटत नाही, पण उत्तरही सुचत नाही.

निवृत्त शिक्षिका, सातारा

आपण खर्डा पुन्हा वाचलात आणि खटकले ते उघडपणे मांडलेत, याबद्दल प्रथम आपले अभिनंदन करते. मी 31 वर्षे इतिहास शिकवला आणि आपण केली तीच चूक फळ्यावर कितीतरी वेळा केली आहे.

ताराबाईंविषयी सांगते. मार्च 1700 मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले, त्याच्या पुढच्याच महिन्यात अनेक महिन्यांच्या वेढ्यानंतर साताऱ्याचा किल्ला औरंगजेबाच्या हाती गेला, आणि अशा घडीला वयाच्या पंचविशीत असलेल्या ताराबाईंनी आपल्या लहान मुलाच्या नावाने राज्याची सूत्रे हाती घेतली. पुढची सात वर्षे म्हातारा बादशहा स्वतः सह्याद्रीतील एकेका किल्ल्यापुढे तळ ठोकून बसला होता, आणि ताराबाईंचे सरदार गुजरात-माळव्यापर्यंत मुसंडी मारत होते. बादशहाने महिनोन्‌महिने खर्चून घेतलेले किल्ले मराठ्यांनी एकामागून एक परत घेतले. 1707 साली औरंगजेब अहमदनगरजवळ मरण पावला, तेव्हा ज्या राज्याचा शेवट करण्यासाठी तो पंचवीस वर्षे दक्षिणेत राहिला होता ते राज्य उभेच होते. मोगलांचा इतिहासकार खाफीखान शत्रुपक्षाचा असूनही ताराबाईंच्या बुद्धीची आणि कारभारातील जाणकारीची कबुली देतो. एवढे असताना आपण त्यांची ओळख ‘अमुक यांच्या स्नुषा’ अशी का करून द्यावी?

आणखी एक विनंती. त्यांचे पुढचे आयुष्य गुळगुळीत करून लिहू नये. शाहू महाराजांशी झालेला वारसाचा झगडा, स्वतःच्या वाट्याला आलेला बंदिवास, स्वतःच नातू म्हणून गादीवर आणलेल्या रामराजांना 1750 साली साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत ठेवणे, हे सगळे त्यांच्याच आयुष्यात घडले आहे. राज्यकर्त्या पुरुषांच्या चरित्रात आपण डावपेच आणि चुका दोन्ही वाचतो. राज्यकर्त्या स्त्रीला मात्र देव्हाऱ्यात बसवतो, आणि मग तिच्याविषयी विचार करायचे सोडून देतो. पाटीवर हे सारे मावणार नाही हे मला कळते, तरी वाचनालयात त्या भिंतीशेजारीच त्यांच्यावरची पुस्तके ठेवावीत.

1761 साली, पानिपतच्याच वर्षी, त्यांचा साताऱ्यात मृत्यू झाला. कोल्हापुरात कावळा नाक्यावर त्यांचा अश्वारूढ पुतळा आहे. ज्या साताऱ्यात त्यांनी अखेरचा श्वास घेतला तेथील मुलांना मी संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या काठी असलेल्या समाधीकडे नेत असे, तेव्हा वर्गातील बहुतेकांना ती समाधी कोणाची हे माहीत नसे, आणि त्यांपैकी काहींची घरे तेथून सायकलच्या अंतरावर होती. येसूबाईंचीही पाटी करावी. संभाजी महाराजांच्या वधानंतर रायगडावर त्यांनी राजारामांना पुढे करून गडाबाहेर पडण्याचा सल्ला दिला आणि आपल्या सात वर्षांच्या मुलासह, म्हणजे शाहूंसह, स्वतः गडावर मागे राहिल्या. 1689 ते 1719 एवढा काळ त्या मोगलांच्या कैदेत होत्या. गादीवर स्वतःच्या मुलाचा हक्क असताना राज्य वाचावे म्हणून घेतलेला हा निर्णय राजकारणाचा होता. आपल्या समितीतील सदस्यांना विचारावे की याला त्याग म्हणायचे की कार्य.

ताराबाईंसाठी असा मजकूर सुचवते: ‘महाराणी ताराबाई (1675-1761). माहेर तळबीड, तालुका कराड. 1700 साली राज्याची सूत्रे हाती घेऊन औरंगजेबाविरुद्धचा लढा सात वर्षे चालवला आणि स्वराज्य राखले. अखेरची वर्षे साताऱ्यात. समाधी संगम माहुली.’ यात माहेर ठेवले आहे, कारण तळबीडचे नाव वाचून आपल्या भागातील मुलीला ही बाई आपल्याकडचीच होती हे कळते. जे नाते वाचणाऱ्याला त्या स्त्रीच्या जवळ नेते ते ठेवावे, आणि जे तिला झाकते ते गाळावे.

वाळव्याची लेक

बाईंनी लिहिलेले पूर्ण पटले. हौसाताईंच्या बाबतीत मात्र मी वडिलांचे नाव गाळणार नाही, पण ते शेवटी घेईन. नाना पाटील भूमिगत झाल्यावर सरकारने त्यांचे घर आणि जमीन जप्त केली, आणि त्याची झळ घरात राहिलेल्या मुलीला बसली. त्या नात्याची किंमत हौसाताईंनी मोजली आहे, म्हणून ते नाते त्यांच्या कहाणीतच येते.

मात्र पाटीची सुरुवात त्यांच्या कामाने व्हावी. भवानीनगरच्या पोलीस चौकीसमोर नवरा-बायकोच्या भांडणाचे सोंग रचले गेले, त्यात मार खाणारी बायको हौसाताई झाल्या होत्या, आणि पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले असताना प्रतिसरकारच्या तूफान सेनेतील साथीदारांनी आतली शस्त्रे उचलून नेली. गोव्यातील तुरुंगात अडकलेल्या साथीदाराला निरोप पोचवण्यासाठी त्यांनी चिठ्ठी केसांत लपवून नेली होती, आणि परत येताना मांडवी नदी एका लाकडी पेटीच्या आधाराने पार केली होती. 2021 साली त्या गेल्या. त्यांच्या तोंडून हे ऐकलेली माणसे आजही विटा-कडेगावकडे आहेत.

कासेगावच्या इंदूताई पाटणकर यांचीही पाटी अवश्य करावी. 1942 च्या चळवळीत त्या ऐन तरुण वयात घर सोडून उतरल्या, प्रतिसरकारच्या काळात भूमिगतांबरोबर राहिल्या, आणि स्वातंत्र्यानंतर घरी बसल्या नाहीत. नवऱ्याने टाकलेल्या बायकांच्या हक्कांसाठी आपल्या दक्षिण महाराष्ट्रात जी परित्यक्तांची चळवळ उभी राहिली, तिच्यातही त्या होत्या. 2017 साली त्यांचे निधन झाले. त्यांचे कार्य 1947 पाशी संपवून लिहू नये, एवढेच माझे मागणे आहे.

आता जरा वेगळे लिहिते. माझी आजी 1943 ते 1946 या काळात रात्री-अपरात्री भूमिगतांसाठी भाकऱ्या थापत असे. ऊस उंच झाला की त्यात माणसे लपत, आणि आजी डोक्यावर पाटी घेऊन, वर वैरण आणि खाली भाकरीचे फडके अशी रानात जात असे. पोलीस गावात आले की पाणवठ्यावरच्या बायका एकमेकींना खुणेने सांगत आणि पाच मिनिटांत खबर मळ्यावर पोचे. हे काम पकडले गेले असते तर शिक्षा तिलाच झाली असती. पण ती पकडली गेली नाही, म्हणून तिची कोठेही नोंद नाही. स्वातंत्र्यसैनिकांच्या केंद्रीय सन्मान योजनेत तुरुंगवासाची अट सहा महिन्यांची आणि स्त्रियांसाठी तीन महिन्यांची होती. ज्यांनी काम इतके चोख केले की त्या तुरुंगातच गेल्या नाहीत, त्यांच्याजवळ दाखवायला कागद नव्हता. माझ्या आजोबांच्या नावाचे सन्मानपत्र आमच्या सोप्यात काचेत लावलेले आहे. आजी त्याच्याखाली बसून शेंगा फोडत असे.

आपला खटाव तालुका स्वातंत्र्याच्या मोर्चावर 9 सप्टेंबर 1942 ला झालेल्या वडूज गोळीबाराचा तालुका आहे. आपल्या गावात अशी घरे नाहीत असे होणारच नाही. ‘असंख्य अज्ञात भगिनींना वंदन’ अशी एक पाटी लावून मोकळे होऊ नका, कारण त्या अज्ञात नाहीत, त्यांच्या नातवंडांना त्यांची नावे ठाऊक आहेत. घरोघर जाऊन विचारा आणि नावे लिहा.

खंडाळा तालुक्यातून

सावित्रीबाईंच्या पाटीबद्दल थोडेसे. ‘पहिल्या शिक्षिका’ आणि ‘1848, भिडेवाडा’ हे आवश्यकच आहे, पण ते मुलांना पाठ असते आणि म्हणून त्यावरून नजर घसरते. त्यांचे नायगाव आपल्याच जिल्ह्यात, शिरवळपासून जवळ आहे, आणि त्या माहेरी असताना त्यांनी जोतीरावांना लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत. 1856 च्या पत्रात आजारपणासाठी माहेरी आलेल्या सावित्रीबाई भावाशी झालेला वाद सांगतात. महार-मांगांसाठी काम करता म्हणून तुम्हा दोघांना वाळीत टाकले आहे, असे भाऊ म्हणतो, आणि त्या त्याला सडेतोड उत्तर देतात. 1868 च्या पत्रात तर प्रसंग याहून बिकट आहे. पंचांग सांगत फिरणारा एक ब्राह्मण तरुण आणि महार समाजातील एक मुलगी यांचे प्रेम जमल्याचे कळताच गावकरी त्या दोघांना मारत मारत ठार करायला निघाले होते. सावित्रीबाई धावत गेल्या, खून केल्यास सरकार काय करील याची जाणीव जमावाला करून दिली, आणि दोघांचे प्राण वाचवून त्यांना पुण्याला जोतीरावांकडे पाठवले.

संतापलेल्या जमावापुढे एकट्या बाईने उभे राहणे हे 1868 साली आपल्या जिल्ह्यातील एका गावात घडले आहे. आपल्या वाचनालयात येणाऱ्या तरुण मुलामुलींना शाळेच्या पहिल्या घंटेपेक्षा हा प्रसंग आज अधिक उपयोगाचा आहे, असे मला मनापासून वाटते. आपले गाव कटगुणच्या तालुक्यातले, म्हणजे फुले घराण्याच्या मूळ गावाजवळचे आहे. हे पत्र पूर्ण छापून पाटीखाली लावता आले तर पाहावे.

रयतचा माजी विद्यार्थी, कराड

लक्ष्मीबाईंच्या प्रश्नाला कोणी थेट हात घातला नाही म्हणून लिहितो.

रयत शिक्षण संस्था 1919 साली काले येथे स्थापन झाली आणि 1924 पासून साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. वसतिगृह चालायचे म्हणजे सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत दोन वेळचे जेवण मिळायचे, आणि ते लक्ष्मीबाई घालत होत्या. सोवळ्या-ओवळ्याच्या घरात वाढलेल्या बाईने अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांचे जेवणखाण आणि दुखणीखुपणी स्वतः पाहायची, हा निर्णय रोज नव्याने घ्यावा लागत असणार. धान्य संपले तेव्हा त्यांनी एकेक दागिना दिला आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. 1930 साली त्या गेल्या.

समितीतील ज्येष्ठांना माझे सांगणे असे की येथे ‘त्याग’ हा शब्दच काढून टाका आणि त्याऐवजी साधा हिशेब लिहा. संस्थेला सुरुवातीच्या काळात ज्यांनी सोन्याच्या रूपाने भांडवल दिले, वसतिगृहाची व्यवस्था ज्यांनी विनावेतन सांभाळली, त्यांना आपण दुसऱ्या कोणत्याही संस्थेत संस्थापक म्हटले असते. ‘सहधर्मचारिणी’ऐवजी ‘वसतिगृहाच्या आद्य चालक’ असे लिहून पाहा, म्हणजे आक्षेप आपोआप गळून पडतो.

वेणूताई चव्हाण यांचाही विचार व्हावा. 1942 च्या जूनमध्ये लग्न झाले, पती यशवंतराव भूमिगत, आणि काही महिन्यांतच वेणूताईंना तुरुंगात टाकण्यात आले. आमच्या कराडात त्यांच्या नावाचे स्मारक आणि ग्रंथालय आहे.

माणदेशी

वरच्या सर्व सूचना मोलाच्या आहेत, पण यादी 1950 पुढे येऊ नये असे ठरले आहे का? इतिहास काल संध्याकाळपर्यंत असतो, असे मी मानते.

म्हसवडची गोष्ट घ्या. चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने आमच्या दुष्काळी माण तालुक्यातील बायकांनी स्वतःची बँक काढायचे ठरवले, तेव्हा पहिला अर्ज नामंजूर झाला, कारण प्रवर्तक बायकांपैकी अनेकींचे अंगठे होते. त्या बायका हरल्या नाहीत. अक्षरे शिकून त्या पुन्हा मुंबईला गेल्या आणि रिझर्व्ह बँकेच्या अधिकाऱ्यांना म्हणाल्या की कोणत्याही रकमेचे व्याज आम्हाला तोंडी विचारा, आणि तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय करायला सांगा. 1997 साली माणदेशी महिला बँक सुरू झाली. खुरपणीला आणि मेंढरांमागे जाणाऱ्या बायकांनी बँकेच्या कागदावर अंगठ्याच्या जागी सही केली, हे राज्याच्या इतिहासात येत नसेल तर काय येते?

मोही गावची ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. तिचीही पाटी हवी.

आणि नावांचाच विषय निघाला आहे म्हणून आणखी एक आठवण करून देते. 2011 साली आपल्या सातारा जिल्ह्यात ‘नकुशी’ नावाच्या 285 मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. तिसरी-चौथी मुलगी झाली की घरची माणसे हे नाव ठेवत, म्हणजे पुढे मुलगा होईल असे मानत. त्या मुलींपैकी पुष्कळजणी आता बायका झाल्या आहेत. आपल्या भिंतीसमोर उभी राहणारी एखादी तरुण बाई लहानपणी नकुशी असू शकते, हे मजकूर लिहिताना ध्यानात असू द्यावे.

येरळाकाठ

सर्वांचा अत्यंत ऋणी आहे. उत्तरे छापून समितीपुढे वाचली. लक्ष्मीबाईंच्या पाटीवर ‘वसतिगृहाच्या आद्य चालक’ हे शब्द मंजूर झाले, आणि ज्येष्ठ सदस्यांनीच त्यात ‘1924 पासून’ हे शब्द घालायला सांगितले. ताराबाईंचा मजकूर बाईंनी दिला तसाच घेतला. येसूबाई, इंदूताई आणि वेणूताई वाढल्या. म्हसवडच्या बँकेची पाटी एका व्यक्तीच्या नावाने न करता प्रवर्तक बायकांची म्हणून करायची ठरली. ललिता बाबर यांच्याविषयी एकमत झाले नाही. हयात व्यक्तींची पाटी असू नये असा काहींचा आग्रह आहे, आणि मला तो योग्य वाटत नसला तरी या वर्षी मी थांबतो आहे. सावित्रीबाईंचे 1868 चे पत्र मोठ्या अक्षरांत छापून चौकटीत लावू.

वाळव्याच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे आम्ही गावातील जुन्या घरांत विचारपूस सुरू केली. दोन रविवारांत अकरा नावे मिळाली. त्यांतील चार बायकांची माहेरची नावे कोणालाच आठवत नव्हती, आणि एका घरात तर नातवाला आजीचे नाव ‘आई’ एवढेच ठाऊक होते. शेवटी ते जुन्या रेशनकार्डावर सापडले. नात्यांबद्दल एक शंका उरली आहे. या अकरा जणींची नावे कशी लिहावीत, म्हणजे स्वतःचे नाव आणि आडनाव एवढेच पुरे, की मधले नावही द्यावे? मधे नवऱ्याचे नाव घातले नाही तर गावात एकाच नावाच्या दोघी-तिघी निघतात.

निवृत्त शिक्षिका, सातारा

मधे आईचे नाव घालता येईल का ते पाहावे. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बालकांच्या सरकारी कागदपत्रांवर स्वतःच्या नावानंतर आईचे नाव आणि मग वडिलांचे नाव लिहिण्याचा निर्णय राज्याने घेतलाच आहे, त्यामुळे कोणाला ते विचित्र वाटणार नाही. जिच्या आईचे नाव मिळत नाही तिच्या बाबतीत माहेरचे गाव लिहावे, जसे ‘माहेर निमसोड’ किंवा ‘माहेर पुसेसावळी’. गावातील सासुरवाशिणींना एकमेकींचे माहेर पक्के ठाऊक असते, म्हणून हे विचारायला पुरुषांकडे न जाता वयस्कर बायकांकडे जावे, आणि बरोबर एखादी मुलगी न्यावी, म्हणजे त्या मोकळेपणाने बोलतील.

कारागिराकडे देण्यापूर्वी सर्व पाट्यांचा मजकूर येथे टाका. ऱ्हस्व-दीर्घ आणि सनावळ्या मी तपासून देईन. ताराबाईंच्या पाटीवर ‘संगम माहुली’ हे दोन वेगळे शब्द कोरायला सांगा. मागे एका ठिकाणी ते जोडून कोरलेले मी पाहिले आहे.